ॲवरेज न देणारी व्हॅन

चोरासारखी गाडी उचलून नेली तुम्ही, आरटीओ साहेब. सडकेवर भरधाव ट्रक माणसं चिरडतात तेव्हा तुमची क्रेन कुठं असते कोणास ठाऊक; पण रिसोडच्या हरिसिंगच्या ले-आउटात, म्हणजे प्लॉट पाडलेल्या त्याच्या रिकाम्या जागेत, त्याच्या खासगी रस्त्यावर, त्याला विचारून उभी केलेली व्हॅन तुम्हाला बरोबर दिसली. काय उचललंत, ते तरी ऐका.

रिठदच्या स्नेहाला ती भंगारात सापडली होती. तळ सडलेला, दारं लोंबकळलेली. सरळ रस्त्यावर दोन गाड्या सुटतात आणि बघता बघता शर्यत संपते, हे तिनं मोबाइलवर पाहिलं होतं. तेव्हापासून तिच्या डोक्यात दुसरं काही शिरत नव्हतं. तिचा शाळेतला दोस्त हसनैन खिडक्यांच्या ग्रिल बनवतो. त्यानं व्हॅनच्या आत जाड पाइपांचा पिंजरा वेल्ड केला, गाडी उलटली तरी पोरीचं डोकं शाबूत राहावं म्हणून. इंजिन हाती घेतलं फय्याजचाचांनी. अख्ख्या तालुक्याच्या जीपा त्यांच्या गॅरेजातून गेलेल्या. ब्रेकचं काम घेतलं एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेल्या जानरावकाकांनी.

"पयले थांबाचं शिक, मंग पळाचं," काका म्हणाले, आणि ब्रेक मनासारखे होईस्तोवर त्यांनी चाचांना इंजिनाला हात लावू दिला नाही.

"अरे जानराव, बस हाये का हे, थांब्या-थांब्यावर उभी राहाले?"

"तुह्या इंजिनापेक्षा माहा ब्रेक इमानदार हाये, फय्याज."

दिवसभर असे भांडायचे आणि जेवायला एकाच डब्यावर बसायचे.

मग कामरगावचा नरेंद्र आपली चकचकीत गाडी घेऊन शर्यतीला आला. हरिसिंगनं रुमाल टाकला. स्नेहानं पाय तळापर्यंत दाबला, पण व्हॅन नुसती खोकली. नरेंद्र केव्हाच पुढं.

"भाजीपाला आणाले बरी हाये," तो परत येऊन म्हणाला.

हसनैनचा राग स्नेहावर निघाला. "तुले क्लच सोडता येत नाही. आता मी बसतो."

तिला थोबाडीत बसल्यासारखं झालं. ती सीट गेली तर तिचं सगळंच गेलं. पण पाय तिचा होता, क्लच त्यानं बरोबरच सोडला होता. तिनं पाना घेतला आणि सरळ कार्बोरेटर खोलला. पेट्रोल सोडणारा जेट, पितळेचा इवलासा तुकडा, मोठ्या भोकाचा बसवायचा ठरला होता. आत बारीक भोकाचाच निघाला.

सगळे चाचांकडे बघायला लागले. चाचांनी मान खाली घातली.

"मोठाच हातात घेतला होता, बेटा. पण जिंदगीभर जो आला त्यानं एकच इचारलं, चाचा, ॲवरेज काय देईन? हात आपोआप बारीककडं गेला."

जानरावकाका हसता हसता खाली बसले. "शर्यतीच्या गाडीचा ॲवरेज काढून राह्यला हा म्हातारा!"

स्नेहा हसली नाही. "मोठा लावा, चाचा. पिऊ द्या तिले पोटभर. आन् हसनैन, सीटवर मीच."

घरातलं तूप सांडावं तसं तोंड करून चाचांनी जेट बदलला.

दुसऱ्यांदा रुमाल पडला तेव्हा व्हॅन अशी उसळली की काकांची टोपी उडाली. निम्म्या रस्त्यात तिनं नरेंद्रला गाठलं आणि चुन्याची रेघ त्याच्या आधी ओलांडली. पुढं ब्रेक दाबला, तर गाडी जराही वाकडी न होता जागच्या जागी उभी. नरेंद्र स्वतः पळत आला आणि बोनेट नाही म्हणून टपावरच थाप मारली. दोन्ही म्हातारे एकमेकांच्या गळ्यात पडले होते. अशी कारागिरी, साहेब, अशी माणसं!

आणि तेवढ्यात तुमची क्रेन आली.

"गाडीत फेरबदल केलेत," तुमचा माणूस म्हणाला. केलेच होते! पण सडकेवर ती कधी चालली नव्हती. टेम्पोत घालून आणली होती. तो ऐकेना. क्रेनची साखळी लागायला लागली तशी काका म्हणाले, "हळू घ्या, ब्रेकच्या नळ्या खाली हायेत."

स्नेहा तुमच्या गाडीच्या खिडकीशी गेली.

"सडकेवर नाही, मान्य. ले-आउटातबी नाही. मंग पळवाची कुठं? जागा दाखवा, तिथंच जातो आमी."

तुम्ही काच वर केलीत. आता काच खाली करा, साहेब, आणि त्या पोरीला तोंडानं सांगा: कुठं पळवायची तिनं गाडी?