बेटावरचं शेवटचं बिऱ्हाड

कत्रीना एंगेलब्रेख्टच्या बापाने या बेटावर पक्ष्यांची विष्ठा खरवडून पोट भरलं. खत म्हणून ती विष्ठा जहाजं भरभरून जायची. तिच्याच थरांत बिळं करून पेंग्विन अंडी घालत. थर गेले तशी बिळंही गेली. आता सरकार पेंग्विनांना सिमेंटची घरकुलं बांधून देतं आणि ती राखायला त्याच बापाच्या लेकीला पगार देतं. याला काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा.

घरकुलं दोनशे होती. यंदा भरलं होतं एकच, चौदा नंबरचं.

तसं बेट काही ओस नव्हतं. खडकांवर सील लोळत होते, पाणकावळे पंख वाळवत होते, लाल चोचीचे काळे कालवफोडे पक्षी शिंपले फोडत हिंडत होते. उत्तरेच्या टोकाला गॅनेट पक्ष्यांचा नुसता बाजार भरला होता. पण कत्रीनाचा जीव टांगणीला लागला होता तो चौदा नंबरापायी. तिथली मादी महिन्यापूर्वी समुद्रात गेली ती गेलीच. नर एकटाच पिल्लू वाढवत होता. आता त्यालाही जाऊन सहा दिवस झाले होते. मासळी दूर पूर्वेला सरकली होती, आणि जवळ उरलेली ट्रॉलरवाले ओढून नेत होते.

पाच दिवसांत आईबाप फिरकले नाहीत, तर पिल्लू किनाऱ्यावरच्या केंद्रात पाठवायचं, असा नियम होता. कत्रीनाने थापा मारून एक दिवस ढकलला. सहाव्या दिवशी सकाळी किनाऱ्यावरचा म्हातारा होडीवाला, ज्याला सगळे ओम फ्रेक, म्हणजे फ्रेककाका म्हणत, होडी घेऊन दारात हजर.

"पुरे कर आता," म्हातारा म्हणाला. "बाप बुडाला, म्हणून पोरालाही मारतेस काय?"

"बुडाला हे तुमच्या कानात कोण सांगून गेलं?"

"नवरा सहा दिवस गायब होता, तेव्हा एवढी वाट नव्हती पाहिलीस!"

"तो दारू ढोसून येणार होता, ओम फ्रेक. हा मासे घेऊन येईल."

म्हातारा हसला, पण जागचा हलला नाही. "केंद्रात जगेल गं ते."

"जगेल की. पण मोठं झाल्यावर सोडतील कुठे? जिथे हजार पेंग्विन आहेत तिथे. इथे एकट्याला कोण आणून सोडतंय? हे गेलं की आपलं बेट संपलं."

तिने घरकुलात हात घालून पिल्लू बाहेर काढलं. पिल्लाच्या छातीचं हाड मात्र बोटाला टोचत होतं. कत्रीनाने त्याला टॉवेलात गुंडाळून खोक्यात ठेवलं आणि खोकं म्हाताऱ्याच्या हातात दिलं. होडी गेली.

दुपारी वारा सुटला. चारच्या सुमारास एका लाटेने नराला खडकावर आणून टाकलं. पोट टम्म फुगलेलं, एक पाय लंगडा. तो फरफटत चौदा नंबरापाशी गेला.

कत्रीना धावत वायरलेसकडे गेली.

"वारा बघतेस ना?" पलीकडून ओम फ्रेक म्हणाला. "चार दिवस होडी सुटत नाही. आणि केंद्रात पिल्लाला हाताने भरवायला घेतलंय. आता परत देत नाहीत ते. कत्रीना, माझंच चुकलं गं."

ती परत आली तेव्हा नर घरकुलात डोकावत होता, बाहेर येऊन गाढवासारखा ओरडत होता, पुन्हा डोकावत होता. तिला ते सोसवेना. लहानपणी बेटावरची मुलं ओठ आवळून भुकेल्या पिल्लासारखी चिवचिवत आणि पेंग्विनांना फसवत. कत्रीना वाळूत बसली आणि पन्नास वर्षांनी तिने तसा आवाज काढला. त्याने गप्प व्हावं, एवढंच तिला हवं होतं.

तो गप्प झाला. जवळ आला. आधी एका डोळ्याने, मग दुसऱ्या डोळ्याने त्याने तिला न्याहाळलं. मग मान वाकवून सहा दिवसांची मासळी तिच्या ओंजळीत ओकली आणि ती कधी खाते याची वाट पाहत उभा राहिला.