नवरदेवाच्या पाठीवरचं तेल

सुकारेगांगच्या, गारूतमधल्या चामडेवाल्यांच्या, गल्लीत माणूस शिरायच्या आधी चामड्याचा वास त्याच्या नाकात शिरतो. ओदांगच्या नाकात तर तो जन्माआधीच शिरला असावा. बाप मेंढीची कातडी कमवायचा, ओदांग त्या कातड्याची जाकिटं विकायचा. गारूत गावात कुणी चामड्याविषयी चकार शब्द काढला की त्याची मान ताठ व्हायची. एरवी ती कशानंच ताठ होत नसे. बायको कोकोम समोर असली तर नाहीच नाही.

त्याच्या एकुलत्या एका मुलाचं, यायानचं, लग्न ठरलं. मुलगी डोंगराकडच्या चिकाजांगची. लग्नानंतर यायान तिकडेच सासरी राहणार होता. व्याह्यांनी, सोबारींनी, निरोप धाडला, "नवरदेवासाठी पांढरी गाडी पाठवतो, भाडं आमचं." ओदांगनं ताडकन उत्तर दिलं, "चामडेवाल्याचा पोरगा चामड्यावर बसूनच येईल!"

खरं कारण त्यानं कुणाला सांगितलं नाही. यायान लहान असताना जाकिटं पोचवायला बापलेक बांडुंगला जायचे, आणि परतताना पोरगं त्या जुन्या गाडीत, बापाशेजारच्या चामड्याच्या सीटवर, मुटकुळं करून झोपायचं. त्याच सीटवर बसवून त्याला सोडायला जायचं, आणि वाटेत एकदा म्हणायचं, 'येत जा रे.' एवढीच इच्छा. पण एवढीशी गोष्ट बोलायला जी हिंमत लागते ती ओदांगकडे नव्हती. त्याच्याकडे होती ती फक्त बढाई, आणि ती मात्र मुबलक.

लग्नाच्या आदल्या दिवशी तो बाह्या सरसावून गाडीत शिरला. साबणाचा फेस मऊ ब्रशनं फिरवला, ओल्या फडक्यानं टिपून घेतला. शिवणीत जुना टूथब्रश घातला तर सूर्यफुलाच्या बियांची टरफलं निघाली, वाळून खडा झालेला दोदोल मिठाईचा तुकडा निघाला, आणि एक चिमुकलं बटण. बटण त्यानं गुपचूप खिशात टाकलं. इथवर सगळं ठीक होतं. इथेच थांबला असता तर ही गोष्ट झालीच नसती.

पण त्यानं वाटीत तेल कोमट केलं. बाप कातड्याला चोळायचा तसं, तळहातानं, गोल गोल. चोळता चोळता गुणगुणू लागला:

कातडं माझं तान्हं, तहान त्याला लागली
तेलाची माझी वाटी, मायेनं वाकली

"आबा," कोकोम दारातून म्हणाली. पोर झाल्यापासून तीही त्याला आबाच म्हणायची. "आधी पाण्याचा थेंब टाकून बघितलात का?"

ही परीक्षा सुकारेगांगच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. थेंब मुरला तर चामडं तेल पितं. मोत्यासारखा वरच बसला, तर चामड्यावर रंगाचा थर आहे; त्याला तेल पाजायला जाऊ नये. ओदांग रोज गिऱ्हाइकांपुढे हा थेंब टाकून दाखवायचा.

"मला शिकवतेस? वैद्य काय स्वतःच्या बायकोची नाडी बघतो?"

"बघत नाही, म्हणून तर वैद्याच्या बायका लवकर मरतात. निदान उद्या सीटवर चादर तरी टाका."

"चामड्यावर चादर! गल्लीत तोंड दाखवू का नको?"

दुसरी वाटी झाली, तिसरीही झाली. सीट अशी चमकली की ओदांगला तिच्यात स्वतःचं टक्कल दिसलं. त्या टकलावरही उमेदीच्या काळात त्यानं असंच तेल जिरवलं होतं. त्यावरून तरी शहाणा व्हायला हवा होता.

सकाळी निघाले. पांढऱ्याशुभ्र पोशाखातला यायान पुढे, कोकोम दोदोलचा डबा घेऊन मागे. चिकुराय डोंगराच्या उतारावरचं धुकं हटलं, ऊन काचेतून आत आलं, सीट तापली. पहिल्या वळणाला नवरदेव दाराकडे गेला, दुसऱ्याला बापाच्या कुशीत आला.

"आबा, ही सीट आहे की घसरगुंडी?"

"नव्या तेजाची सवय व्हायला वेळ लागतो."

"मी नि हा डबा," मागून कोकोम म्हणाली, "लग्न लागायच्या आधीच एकमेकांच्या गळ्यात पडलोय!"

ओदांगनं घसा साफ केला. "यायान, मी म्हणत होतो..." वळण आलं. पोरगं घसरलं. "म्हणजे, तिकडे गेल्यावर..." पुन्हा वळण.

"काय म्हणत होतात, आबा?"

"काही नाही. घट्ट धर."

चिकाजांगला मांडवापुढे वाजंत्री वाजत होती. तिकडच्या रीतीप्रमाणे नवरदेवाला घ्यायला म्हाताऱ्याचं सोंग घेतलेला, कमरेत वाकलेला विदूषक नाचत पुढे आला. यायानभोवती गिरकी घेत तो पाठीमागे गेला आणि थबकला. पांढऱ्या पाठीवर तपकिरी तेलाचा हा एवढा नकाशा! विदूषक हसवायचं विसरला; लोक आपोआपच हसत होते. यायानचे कान लाल झाले.

नवरदेवाला सासरच्यांच्या हाती सोपवताना वरपक्षानं चार नम्र शब्द बोलायचे असतात: पोरात उणं असेल तर सांभाळून घ्या. ओदांगनं भलतंच घोकलं होतं, सोनं, हिरा, वाघाचा छावा. माइक हाती आला आणि त्याला स्वतःचाही पांढरा सदरा पाठीला चिकटलेला जाणवला. तो सावकाश वळला. त्याच्याही पाठीवर तोच नकाशा होता. मांडव खदखदला.

"बघून घ्या," ओदांग म्हणाला. "अख्खी हयात लोकांना थेंब टाकून दाखवतो. घरच्या गाडीवर टाकायला मात्र मला लाज वाटली. सोबारीदादा, ते चामडं तेल पीत नाही. मी तीन वाट्या पाजल्या, सगळं वरच राहिलं. माझं पोरगंही तसलंच. इतकी वर्षं शेजारी बसून माझा मूर्खपणा प्यायलं नाही. पाठीवर दिसतोय तो वरचा आहे, धुतलात की निघेल. आत मुरलेला नाही."

मग सवयीनं ओवीच आली:

पोर दिलं पदरी, डाग त्याचा म्हणू नका
बापाची ही हौस, लेकाला बोल लावू नका

सोबारींनी येऊन यायानच्या तेलकट पाठीवर थाप मारली आणि आपला पंजा सगळ्यांना दाखवला. "आमच्याही हाताला लागलं. आता झालो सोयरे!"

लग्न लागलं. यायान आशीर्वादासाठी आईबापाच्या गुडघ्यावर डोकं टेकायला खाली बसला. डोकं तसंच ठेवून हळूच म्हणाला, "आबा, वळणावर काय म्हणत होतात?"

"येत जा रे," ओदांग म्हणाला. आणि अगदी सोपं होतं ते.

परतीला कोकोम पुढे बसायला आली आणि दारातच थांबली. सगळी सीट तेलानं चकाकत होती. फक्त यायानच्या पाठीएवढा भाग कोरडा, मऊ, जसा असायला हवा तसा. इतकं नीट पुसणं ओदांगला जन्मात जमलं नसतं.

कोकोमनं बाटलीतल्या पाण्यात बोट बुडवलं आणि त्या कोरड्या जागी एक थेंब ठेवला. तो मुरला नाही.

"बघितलंत?"

"बघितलं. मागे बस."

ती मागे बसली. ओदांगनं गाडी अगदी हळू काढली, आणि पहिल्या वळणापर्यंत तो थेंब त्याच्या शेजारी बसून राहिला.