शंभरपट

ऑफिसात घोरपडे साहेबांनी मगदूमच्या पाठीवर शाबासकीची थाप मारली आणि मगदूमची पाठ छातीतून बाहेर आली. आत रक्त नव्हतं, हाडं नव्हती. मगदूम पोकळ होता. फाटलेल्या कडेला त्रिकोणांची जाळी तेवढी लालभडक झाली होती.

"हलकंच मारलं की रे," साहेब म्हणाले, आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. कपाळ मागच्या भिंतीवर जाऊन आपटलं. उरलेले साहेब खुर्चीतच राहिले.

चूक निरंजन चौगुलेची होती. ट्रॅक्टरचा हुक ओझ्याखाली केसभरच वाकतो, संगणकाच्या पडद्यावर कळतसुद्धा नाही. म्हणून सकाळी गिऱ्हाइकासाठी त्याने वाक शंभरपट करून दाखवला होता. आतलं काही नको, नुसता पृष्ठभाग, त्रिकोणांच्या जाळीचा. ताण वाढेल तसा हिरवा, मग पिवळा, तुटेल तिथे लाल. गिऱ्हाईक खूश होऊन गेलं, आणि हा शहाणा आकडा परत एकवर आणायचा विसरला.

त्याने बसायला खुर्ची ओढली, तर तिची पाठ हातात आली. बोटाने कीबोर्डची कळ दाबली असती तर टेबलासकट सगळं जमिनीत गेलं असतं. मग त्याने डोक्यावरचा एक केस उपटला. केसाबरोबर कानामागची मूठभर जाळी सुटून आली. ओरडायचं टाळून त्याने केसाचं टोक कळीवर टेकवलं. शंभरातलं एक शून्य पुसलं गेलं. दुसरं राहिलं.

तेवढ्यात फाटकाशी शाळेची रिक्षा थांबली. चिऊ रोज इथेच उतरते आणि धावत येऊन बापाच्या गळ्यात पडते. दिवसभर तो त्याच एका क्षणाची वाट बघत असतो.

"चिऊ, पळू नको," तो कुजबुजला. "कशाला हात लावू नको. मलापण नको."

चिऊ गुणाची पोर. दोन्ही हात पाठीमागे धरून ती हळूहळू आली. तिच्या पावलागणिक फरशी खचत होती.

"पप्पा, तुमच्या कानामागं भोक पडलंय."

"असू दे. मागं हो बघू."

"दुखतंय?"

"नाही गं. मागं हो."

"हात नाही लावत," चिऊ म्हणाली. "नुसती फुंकर घालते."

केस निरंजनच्या चिमटीतच होता, दुसरं शून्य पुसायचं राहिलं होतं. तिला अडवायचं तर धरावं लागलं असतं. चिऊने टाचा उंचावल्या, डोळे मिटले आणि भरपूर श्वास घेऊन गाल फुगवले. गालांवर त्रिकोण उमटले, आधी हिरवे, मग पिवळे.