वीजतारा पार्टी ज्योतिबाच्या दारात

ज्योतिबा कोइमतूरहून माघात परत आला आणि आल्या आल्या त्याने मला विचारलं, "कपिल, भाऊसोची पार्टी हाय का रं अजून?"

गावात कोण गेलं, कोण आलं, विहिरींचं पाणी किती खोल गेलं, असलं काही विचारलं नाही. दोन पावलं चालला की भिंत धरून उभा राहणारा माणूस, आणि चौकशी करतोय बेंजो पार्टीची! मी म्हटलं, "असंल की. तू आधी नीट हो."

तो नीट होणार नव्हता. गलाईच्या दुकानात सोनं गाळताना उठणारा अ‍ॅसिडचा धूर पंधरा वर्षं त्याने छातीत भरून घेतला होता. मिरजेच्या डॉक्टरांनी मला आणि त्याच्या बायकोला, हरणाला, आत घेऊन सांगितलं, फुप्फुसं संपलीत, उन्हाळा काढला तर खूप. ज्योतिबा तेव्हा बाहेर बाकावर बसून मोसंबी सोलत होता. हरणाने डोळे पुसले आणि मला बजावलं, "त्यास्नी कळता कामा नये, भाऊजी. कळलं तर जागीच खचतील." मी मान हलवली. आमच्याकडे असंच चालतं. सगळ्या गावाला ठाऊक असतं, फक्त ज्याचं मरण त्याला नसतं.

ज्याने ऐंशी सालच्या आसपास आटपाडीकडच्या लग्नांत भाऊसोची वीजतारा पार्टी ऐकली नाही, त्याला मी काय कपाळ सांगणार? तोवर आम्ही हलगी ऐकली होती, सनई ऐकली होती, फार तर विट्याचा बँड, लाल कोटातल्या म्हाताऱ्यांचा. भाऊसो आणि त्याची पोरं सांगलीहून आली ती बेलबॉटम घालून. ट्रॉलीवर बॅटरी, वर कर्णा, आणि भाऊसोच्या मांडीवर टाइपरायटरसारख्या बटनांचा बेंजो, त्याला वायर जोडलेली. त्याने पहिली तार छेडली तसा मांडवाबाहेरचा बैल दावं तोडून पळाला. जाणती माणसं म्हणाली, हे वाजप नव्हे, कानात शिरलेला डास आहे. सिनेमातली गाणी ती पोरं वाजवतच नसत. चाली त्यांच्या स्वतःच्या होत्या, कुणी नाव न दिलेल्या. त्या ऐकताना वाटायचं, या माळापलीकडे आपल्यासाठी काहीतरी नक्की आहे.

मी, ज्योतिबा आणि आकाराम, आम्ही तिघे त्यांच्या मागे गावोगाव फिरलो, न बोलावता पंगतीला बसलो. ज्योतिबाने तर एकदा मेंढरं लोकांच्या शाळूच्या उभ्या पिकात सोडून दिली आणि बापाचा मार खाल्ला. माझ्या वडिलांनी धम्म घेतला तेव्हाच गावकीची कामं सोडली होती. आपला कपिल लोकांच्या वरातीपुढे नाचतो याची त्यांना फार लाज वाटे. पण त्या ट्रॉलीपुढे कोण धनगर आणि कोण बौद्ध हे कुणी विचारत नसे, आणि मला एवढ्यासाठीसुद्धा ती पार्टी जीव की प्राण होती. पुढे ज्योतिबा गलाईला गेला, मी एसटीत चिकटलो, आकाराम शेतीत राहिला. पार्टीचं काय झालं ते कुणी पाहिलं नाही.

चैत्रात ज्योतिबाला धाप जास्तच लागायला लागली. आकाराम म्हणाला, "माझ्या पुतणीचं लगीन हाय. नवरदेवाच्या मिरवणुकीला भाऊसोलाच आणू. ह्येला वाटंल, लग्नाला आल्यात."

सांगलीत हळदीच्या बाजारामागे आम्ही भाऊसोला गाठलं. टक्कल पडलेलं, डोळ्यांवर जाड चष्मा, पुढ्यात उघडलेले रेडिओ. आता लग्नात डॉल्बी लागते, बेंजो कोण ऐकतो, म्हणाला. आम्ही ज्योतिबाचं सांगितलं, मेंढरांचंही सांगितलं. त्याने हातातलं काम खाली ठेवलं.

"आमच्यापायी कुणी मार खाल्ला, ह्ये आमास्नी ठावंच न्हाई की," तो म्हणाला. "येतो. पण गडी लय आजारी म्हणताय. लग्नापतोर ऱ्हाईल न्हवं त्यो?"

"असंल," आकाराम म्हणाला.

"अन् ध्यानात ठेवा," मी म्हटलं, "त्येला कायबी ठावं न्हाई. दारात तोंड पाडून उभं ऱ्हाऊ नका."

लग्नाच्या दिवशी सकाळी नवरदेव मारुतीच्या देवळातून मांडवाकडे निघाला. वाट ज्योतिबाच्या दारावरून आम्हीच ठरवली होती. जुन्यांपैकी चौघे आले होते. बेलबॉटम गेल्या होत्या, डोक्यावर टोप्या आल्या होत्या. पण भाऊसोने तार छेडली आणि तीच चाल निघाली, तशीच तिखट. आकाराम आणि मी, दोघेही सुटलेल्या पोटांचे, ट्रॉलीच्या मागे नाचायला लागलो. लोक हसत होते. हसेनात का, मी इतका खूश कित्येक वर्षांत झालो नव्हतो.

तिकडे हरणाने नवऱ्याला नीट आंघोळ घालायची म्हणून अंगणात तीन दगडांवर हंडा चढवला होता. ज्योतिबासाठी पार्टी येणार ही बातमी गावभर झालेलीच होती. शेजारपाजारची माणसं आधीच अंगणात येऊन टेकली होती, आणि बोलायचं काय हे न सुचल्यामुळे गप्प होती. धोंडुबाई म्हातारी तर डोळ्याला पदर लावूनच बसली होती.

ट्रॉली कोपऱ्यावरून वळली. भाऊसोला दिसली ती मुकाट बसलेली माणसं, रडणारी म्हातारी आणि अंगणात तापणारं पाणी. मयताच्या आंघोळीचं पाणी असंच अंगणात तापवतात, आणि मयताच्या दारावरून आमच्याकडे कुणी वाजत जात नाही. भाऊसोने हात वर केला. चाल मध्येच तुटली. चौघांनी टोप्या काढल्या आणि माना खाली घातल्या. ट्रॉली ज्योतिबाच्या दारावरून मुकाट पुढे सरकली. नवरदेवानेही घोड्यावरून हात जोडले.

मला ओरडायचं होतं, अरे वाजवा, जिवंत आहे तो. पण ते आत ऐकू गेलं असतं. मी गर्दीतून वाट काढत घरात पळालो.

ज्योतिबा दाराजवळच्या खाटेवर ताठ बसला होता.

"कोण गेलं?" त्याने विचारलं.

हरणा उंबऱ्यात उभी होती. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आपल्या दारात वाजप बंद झालं. मंग कोण गेलं?" त्याने अंगणातल्या हंड्याकडे पाहिलं. "मी व्हय?"

हरणा मटकन खाली बसली. त्याला तिथेच सगळं कळलं.

"डागदर काय म्हणालं? आता खोटं बोलू नगंस, कपिल."

"उन्हाळा," मी म्हणालो. मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त संताप येत होता, भाऊसोचा, हरणाचा, आणि सगळ्यांत जास्त माझा स्वतःचा.

मला वाटलं, तो आता भाऊसोला शिव्या घालणार. पण त्याचा राग आमच्यावर निघाला.

"त्या बिचाऱ्यानं रीत पाळली. तुमी काय केलंसा? दोन म्हैनं मी राणीला सांगतोय, बरा झालो की निवांत बोलू. पंधरा वरसं मी भायेर. ती पोरगी मला नीट वळखत तरी हाय का? माझं दोन म्हैनं तुमी खाल्लंसा रं."

राणी म्हणजे त्याची मुलगी, नववीतली. ती भिंतीला चिकटून उभी होती.

एवढ्यात भाऊसो दाराशी आला. डोकं उघडं, हात जोडलेले. "चुकलं, दादा. पाणी तापताना बघितलं अन्..."

"वाजवा," ज्योतिबा म्हणाला.

"आता? ह्या दारात?"

"घर अजून माझं हाय. वाजवा. लय जोरात वाजवा."

ट्रॉली मागे घेतली. भाऊसोने कर्ण्याचं तोंड घराकडे वळवलं आणि चाल सुरू केली. भिंतीवरची भांडी थरथरायला लागली. ज्योतिबाने खाटेवर हाताने थोपटून राणीला जवळ बसवलं, तिचं डोकं ओढून घेतलं आणि तिच्या कानात बोलायला लागला. धाप लागली की थांबायचा, मग पुन्हा बोलायचा. आधी मला वाटलं, तो चालीबद्दल काही सांगतोय. पण ज्या पार्टीसाठी त्याने मार खाल्ला होता, तिच्याकडे त्याचं लक्षच नव्हतं. एका खोलीचं घर, अंगणात अर्धं गाव. एरवी बापलेकींना एकांत कुठून मिळणार? आम्ही कुणी एक अक्षर ऐकलं नाही. राणी मध्ये एकदा हसली, आणि मग तिने त्याचा सदरा मुठीत घट्ट धरला.

मुहूर्त टळतोय म्हणून मांडवातून माणूस आला. आकारामने त्याला हातानेच परत घालवला.

चाल संपली. भाऊसोने दारातून आत पाहिलं. ज्योतिबाने मान न वळवता नुसता हात फिरवला, पुन्हा वाजव म्हणून. त्याचं बोलणं अजून संपलं नव्हतं.