आंब्याची बीअर

पुण्याहून परतीच्या गाडीत, वरच्या बर्थवर पडल्या पडल्याच योगेंद्रनं ठरवून टाकलं. जवाईबापूला असा धडा शिकवायचा, असा शिकवायचा, की लेकाचा पुन्हा पुलगावात पाय ठेवताना दहादा विचार करेल. आणि योगेंद्र काही तापट माणूस नव्हे हो. शाळेच्या गणवेशांचं त्याचं दुकान. पोरांच्या आया चड्डीच्या एका बटणासाठी डोकं खातात, तरी याचा आवाज कधी चढला नाही. पण धनंजयनं घाव घातला होताच तसा.

झालं होतं असं, की योगेंद्र दुकानाच्या मालासाठी पुण्याला गेला होता. बहीण रीता तिथंच दिलेली. तिचा नवरा धनंजय मूळचा समुद्रपूरचा, पण चार वर्षांत असा काही पुणेकर झाला, की आपण समुद्रपूरचे आहोत हे सांगायचीच त्याला लाज. योगेंद्रला मात्र पुण्यात एकच हौस पुरी करायची होती. तिथं म्हणे दुकानातच मोठमोठ्या टाक्यांत बीअर बनवतात, आंब्याची, कोकमाची, कसली कसली. फोनवर फोटो पाहून पाहून त्याचा जीव त्या आंब्याच्या बीअरवर गेला होता. वर्धा जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाला हे कळेल. आपल्याकडे दारूबंदी. ज्याला प्यायची तो पुलगावच्या पुलावरून नदी ओलांडतो, पलीकडे जिल्हा बदलला की कुठल्याशा टपरीमागे उभ्या उभ्या घशात ओततो, रुमालानं तोंड पुसतो, बडीशेप चघळत घरी येतो. योगेंद्रही दोन-चारदा गेलाय. चव कशी असते हे त्याला ठाऊकच नव्हतं, कारण चव घ्यायला वेळ कुणाला होता? खुर्चीवर बसून, दिवसाढवळ्या, एक ग्लास निवांत प्यायचा, बस, एवढीच हौस.

बरं, माणूस हिशेबी. अशा ठिकाणी खायला मागवलं तर खिसा फाटतो हे त्याला कळत होतं. म्हणून त्यानं आधी कापडबाजारातल्या हमालांना विचारलं, "दादा, तुमी लोक कुठं जेवता?" त्यांनी एका बोळातली खानावळ दाखवली. गरम भाकरी, झुणका, ठेचा, आमटी आणि वर वाढणाऱ्या मावशींचा आग्रह. पोट तुडुंब भरलं तेव्हा कुठं तो सिटी बसमध्ये बसून बीअरच्या त्या ठिकाणी पोचला. पोट स्वस्तात भरायचं आणि हौस एकच, पण चांगली करायची, हा त्याचा बेत. यात वाईट काय आहे, तुम्हीच सांगा!

एकट्यानं कसं प्यायचं, म्हणून त्यानं धनंजयला बोलावून घेतलं होतं. तिथंच चुकलं.

"दादा, काय खाणार?" धनंजयनं विचारलं.

"मी जेवून आलो ना. खानावळीत."

"खानावळीत?" धनंजय एवढ्या मोठ्यानं हसला की शेजारच्या टेबलावरच्या पोरींनी वळून पाहिलं. "अहो, इथं यायचं म्हणून कोणी झुणका-भाकर खाऊन येतं का?"

योगेंद्रनं खुर्ची पुढे ओढली. ग्लास आला होता. पिवळाधमक, वर पांढरा फेस, आणि वास थेट पाडाला लागलेल्या आंब्याचा. त्यानं पहिला घोट घेतला, आणि खरं सांगायचं तर त्याला भरून आलं. असंही पिता येतं माणसाला! दुसरा घोट तो घेणार, एवढ्यात दारातून खाकी शर्टाचा, कमरेला पट्टा बांधलेला एक माणूस आत शिरला आणि सरळ यांच्या टेबलाकडे आला.

आता पुलगावच्या माणसाचं रक्तच ते. खाकी दिसली आणि योगेंद्रचं डोकं चालायचं बंद झालं, हात मात्र चालले. अख्खा ग्लास एका दमात घशात, रिकामा ग्लास टेबलाखाली दोन पायांत, रुमाल तोंडावर, बडीशेपेची पुडी दातानं फाडून जिभेवर. आणि उभा राहून, हात जोडून म्हणाला काय, "साहेब, आमी पाणी पिऊन राह्यलो!"

तो बिचारा वॉचमन. धनंजयनं दारात लावलेली गाडी पुढे घ्या, एवढंच सांगायला आलेला.

धनंजय फोनवर चित्रण करत होता. पहिल्या घोटाचा फोटो घेतो म्हणून त्यानं फोन उचललेला, त्यात हे सगळं सापडलं. योगेंद्र ओशाळून म्हणाला, "जवाईबापू, पुसून टाकजा ते. आईनं पाह्यलं तर मरून जाईन मी." धनंजय हो हो म्हणाला. आणि गाडीनं पुणे सोडायच्या आत ते चित्रण सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर. खाली लिहिलेलं, 'वर्धा जिल्ह्याची दारूबंदी पुण्यात दाखल.'

त्या ग्रुपवर देवकाबाई होत्या. योगेंद्रची आई.

देवकाबाई कोण, हे पुलगावात कुणालाही विचारा. पुलगावच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. नवरा हातभट्टीनं गेला, त्याच्या तेराव्यानंतर ही बाई पदर खोचून निघाली ती आजतागायत थांबली नाही. कुठं भट्टी लागल्याचं कळलं की बायका घेऊन दारात हजर. मंडळाची एक रीतच होती. माल सापडला की पोलीस यायच्या आधी तो सगळ्यांच्या देखत नालीत ओतायचा, आणि ओतायचा तो ज्याच्याकडे सापडला त्यानं, स्वतःच्या हातानं. त्या बाईचा लेक बीअर ढोसतोय आणि वॉचमनला हात जोडतोय, हे अख्ख्या गोतावळ्यानं पाहिलं.

योगेंद्र घरी आला तेव्हा आईनं शिव्या दिल्या असत्या, चपलेनं हाणलं असतं, तरी त्यानं सोसलं असतं. तिनं बोलणंच टाकलं. "नमिता, त्याले म्हणा जेवून घे." "नमिता, त्याले म्हणा बँकेत जा." समोर बसलेल्या लेकाला निरोप सुनेमार्फत! तो मध्येच म्हणायचा, "आई, मी इथंच हाओ ना व." ती भिंतीकडे पाहायची. दिवाळी तशी गेली, संक्रांत तशी गेली. तिळगूळ तिनं नमिताच्या हातून दिला. तो खाताना योगेंद्रला धनंजयचं खदाखदा हसणं आठवलं. बस, आता तो संधीच शोधू लागला.

संधी मंडळानंच दिली. वर्धापनदिनाला देवकाबाईंचा सत्कार ठरला, घरीच, अंगणात. लेक-जावयाला बोलावणं गेलं. योगेंद्रनं लगोलग धनंजयला फोन लावला. आवाजात किलोभर साखर.

"जवाईबापू, झालं गेलं सोडा. येताना ते आंब्याच्या बीअरचे डबे घेऊन या ना चार. त्या दिवशी नीट पेता नाई आली. दोघंच बसू गच्चीवर."

धनंजय खूश. "आलात ना लाइनीवर! आणतो, दादा, आणतो."

फोन ठेवून योगेंद्र एकटाच हसला. त्याचा बेत साधा होता. अंगण बायकांनी भरलेलं असताना जवाईबापूची पाठीवरची बॅग उचलायची, आईपुढे ठेवायची आणि म्हणायचं, पाह्य आई, जवायानं तुयासाठी काय आणलं. मग त्यानं आपल्या हातानं नालीत ओतावं, सगळ्यांच्या देखत. आणि त्याचं चित्रण योगेंद्र करणार होता. ग्रुपवर टाकायचं वाक्यसुद्धा त्यानं घोकून ठेवलं होतं.

त्या दिवशी सकाळी रीता आणि धनंजय स्टेशनवरून ऑटोनं आले. अंगणात मांडवाखाली सतरंजीवर मंडळाच्या बायका, मध्ये नारळ-शाल घेऊन विमलाबाई, खुर्चीवर नव्या नऊवारीत देवकाबाई. योगेंद्र तयारच होता. एका हातात फोन, दुसऱ्यानं त्यानं धनंजयची बॅग अलगद ओढली. "आणा जवाईबापू, थकले असान." आणि सगळ्यांसमोर सर्रकन चेन उघडली.

आत शर्ट, टॉवेल, दाढीचं सामान. बस्स.

योगेंद्रनं हात घालून तळ गाठला, काही नाही. धनंजयनं त्याच्याकडे पाहून हळूच डोळा मारला. हा लेकाचा ऐन वेळी शहाणा झाला! योगेंद्रच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तेवढ्यात विमलाबाई म्हणाल्या, "अवो देवकाबाई, लेकीनं खाऊ काय आणला ते तं पाहा!" माहेरी आलेल्या लेकीची बॅग आईनं उघडायची आणि खाऊ तिथंच वाटायचा, ही त्यांच्या घरची जुनी पद्धत. देवकाबाई हसत खाली बसल्या. रीताच्या बॅगेतून त्यांनी बाकरवडीचा पुडा काढला. एक साडी काढली. आणि साडीच्या घडीतून आंब्याचं चित्र काढलेले चार पिवळे डबे घरंगळत सतरंजीवर आले.

कुणाला वाचता येत नव्हतं असं नाही. सगळ्यांनी वाचलं.

रीताचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. धनंजय मांडवाच्या दोऱ्या निरखत होता. मग तिनं दादाकडे पाहिलं. योगेंद्रच्या ओठावर वाक्य आलं होतं, मीच मागवले आई, तिचा काही दोष नाही. आलं होतं हो, अगदी ओठावर. पण तसं बोललो तर आई आता मरेपर्यंत बोलायची नाही, हेही त्याच वेळी डोक्यात आलं, आणि त्यानं ओठ मिटून घेतले.

"माझे आहेत," रीता म्हणाली.

देवकाबाई उठल्या. लेकीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "विमलाबाई, तिले सांगा, नाली तिकडं हाय."

आपल्या मंडळाच्या अध्यक्षीणबाईंची लेक डबे पदरात घेऊन निघाली. योगेंद्र वाटेतच उभा होता, हातातला फोन खाली गेलेला. त्याच्याजवळून जाताना रीता थांबली आणि फक्त त्यालाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "दादा, तू यांना केलास तो फोन स्पीकरवर होता. मी यांना नको म्हणाले होते. यांनी कधी माझ्या साडीत खुपसले ते मला खरंच माहीत नव्हतं." आणि ती पुढे गेली.

तिनं पहिला डबा उघडला. फस्स झालं, आणि अंगणभर आंब्याचा वास सुटला. धनंजयनं खिशातून फोन काढला आणि कुणाचा तरी कॉल आल्यासारखा फाटकाबाहेर निघून गेला.

योगेंद्र दोन पावलं बहिणीकडे गेला. तेवढ्यात पाठीवर हात पडला. आईचा हात.

"योगेंद्र," देवकाबाई म्हणाल्या. आवाज फाटलेला. नमिता तिथंच उभी होती, पण तिला मध्ये घेतलं नाही. "तुयावर लय राग केला रे बापा मी. हिच्यापरीस तूच बरा. सकाळपासून उपाशी हायेस. चाल, जेवून घे."

योगेंद्र आईच्या मागं आत गेला. तिनं स्वतः पाट मांडला, स्वतः वाढलं. बाहेर रीता तिसरा डबा उघडत होती, तो आवाज स्वयंपाकघरात नीट ऐकू येत होता.

"अजून घे," आई म्हणाली.

त्यानं ताट पुढे केलं.