हनान मॅमची पाच मिनिटं

“गोत्र?” बाळभाऊजींनी विचारलं.

समोर पायरीवर बसलेल्या मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. अंगात शाळेचा युनिफॉर्म, बोटांत दर्भ, दप्तरं मागे भिंतीला टेकवलेली. शेवटी वैदेही म्हणाली, “पता नहीं, गुरुजी. सुदान की थीं.”

“कोई बात नहीं. जिसका गोत्र मालूम न हो, उसका काश्यप.” काशीच्या अहिल्याबाई घाटावर उभा जन्म यजमानांना श्राद्धाला बसवण्यात गेलेल्या माणसाला सुदानचंही आश्चर्य वाटत नाही. भाऊजींनी तिळाची वाटी पुढे सरकवली. “नाम बोलो.”

“हनान मैम.”

मृणालिनी पायऱ्या उतरत होती, ती तिथेच थांबली. ही तिच्याच वर्गातली मुलं. आणि हा तिचा धाकटा दीर.

“भाऊजी, थांबा,” ती म्हणाली. “कुणाला बसवलंत तुम्ही?”

“वहिनी, मुलं स्वतःहून आली. पितृपक्ष आहे, नाही कसं म्हणू? तुम्हीच शिकवलंत म्हणतात, की सगळं जग आपलं घर.”

हे खरं होतं. आठवीला दर बुधवारी ‘विश्व नागरिक’ नावाचा तास असायचा आणि तो मृणालिनीच्या गळ्यात पडला होता, कारण बाकीच्यांनी तो आधीच टाळला होता. जगाचे चांगले नागरिक कसं व्हायचं, ते त्यात शिकवायचं. पुस्तकात चित्रं होती: हातात हात घेतलेली रंगीबेरंगी मुलं, मध्ये पृथ्वी. मुलं त्याकडे ढुंकूनही बघत नसत. पण पडद्यावर खार्तूमच्या शाळेतल्या हनान मॅम दिसायला लागल्या आणि तासाला रंग चढला. त्यांच्या गावात दोन नद्या मिळतात, आपल्याकडे वरुणा आहे, अस्सी आहे, यावरच पहिले दोन तास गेले. हनान मॅम हसायच्या फार. मुलांची नावं चुकीची म्हणायच्या आणि मुलं आनंदाने चुकीच्या नावाला ओ द्यायची.

मग तिकडे लढाई पेटली. त्या बुधवारी पडदा काळा राहिला, आणि नंतरच्या प्रत्येक बुधवारी. मृणालिनी तरीही तास सुरू झाला की ती लिंक उघडायची, पाच मिनिटं वाट बघायची, मग पुस्तक काढायची. प्रिन्सिपल बाई वैतागल्या होत्या. खार्तूमच्या जागी डेन्मार्कची एक शाळा तयार झाली होती आणि दिल्लीहून कार्यक्रमाची माणसं बघायला येणार होती.

“खबर आई है किसी को?” मृणालिनीने मुलांना विचारलं.

कुणाकडेच खबर नव्हती.

“मग दर्भ काढा. जिवंत माणसाच्या नावाने तिळाचं पाणी सोडत नाहीत. फार वाईट असतं ते.” मग वैदेही सोडून कुणालाच मराठी कळत नाही हे लक्षात येऊन तिने तेच हिंदीतून सांगितलं.

मुलं घाबरली. एकाने तर दर्भ बोटातून ओढून खिशातच कोंबला. वैदेही तेवढी हलली नाही. ती मंगला गौरीजवळच्या मराठी घरातली, भटाची नात, तिला सगळं नीट समजून घ्यायचं असे.

“पण मॅडम, कधीपर्यंत थांबायचं? मतलब, कुछ तो नियम होगा ना?”

“आहे. बारा वर्षं. काहीच कळलं नाही तर बारा वर्षांनी.”

“बाप रे,” वैदेही म्हणाली. “तब तक तो हम लोग नौकरी करेंगे.”

मुलं दप्तरं उचलून गेली. भाऊजी तीळ गोळा करत बसले. मग खाली बघूनच म्हणाले, “वहिनी, मीही तेच विचारतोय तुम्हाला. दरवर्षी.”

 खरं तर ती आज तेच सांगायला आली होती, की याही वर्षी नको.

तिचा नवरा श्रीराम रेल्वेत होता. एका सकाळी डबा घेऊन मुगलसरायला कामावर गेला तो परत आला नाही. भांडण नव्हतं, कर्ज नव्हतं, आजार नव्हता. पोलिसांनी शोधलं, भाऊजींनी हरिद्वारपर्यंत हिंडून पाहिलं. सुरुवातीला मृणालिनी रडली असेल. आता तिला ते आठवतही नव्हतं. बारा वर्षं होऊन वर दोन गेली. ती शाळेत जायची, पेपर तपासायची, दूधविनायकाच्या गल्लीतल्या घरी परत यायची आणि दोन माणसांचा स्वयंपाक करायची. कुणी विचारलं तर म्हणायची, बघू. या ‘बघू’च्या आत काय आहे ते तिनेही उघडून पाहिलं नव्हतं.

आता दुसरं माणूस, मुलगी ऋता, सासरी निघाली होती. इंदूरची मंडळी. होणाऱ्या विहीणबाई फोनवर गोड बोलल्या होत्या. आमचं काही म्हणणं नाही, फक्त पत्रिकेत ऋताच्या वडिलांच्या नावाआधी श्री. लिहायचं की कै., तेवढं कळवा.

“आई, जे वाटेल ते लिही ना,” ऋता म्हणाली होती. “पर कुछ तो लिखो.”

मृणालिनीला काहीच वाटत नव्हतं, हीच अडचण होती. पण मुलांना एक नियम आणि आपल्याला दुसरा, हे तिला आयुष्यात जमलं नव्हतं. वर्गात मोबाइल बंद म्हटलं की आधी स्वतःचा बंद करणारी ती बाई.

“एकादशीला होईल?” तिने विचारलं.

भाऊजींच्या हातातले तीळ पुन्हा पायरीवर सांडले. “होईल,” ते म्हणाले.

एकादशीला भाऊजींनी पळसाच्या पानांचा पुतळा बांधला. ज्याचा देह सापडत नाही त्याला असाच निरोप देतात. डोक्याच्या जागी नारळ, हातापायांच्या जागी पानांच्या जुड्या. ऋता दाराशी उभी राहून रडत होती. मृणालिनी जवळ बसून बघत होती.

“एवढे उंच नव्हते ते,” ती म्हणाली.

भाऊजींनी पायांकडच्या थोड्या जुड्या काढल्या.

“खांदे मात्र जरा रुंद होते.”

त्यांनी खांद्यांना पानं लावली. मग त्यांना पुढे बांधता येईना. बाहीने डोळे पुसून ते म्हणाले, “वहिनी, आता बरोबर आहे?”

“बरोबर आहे.”

मणिकर्णिकेवर पानं फार वेळ जळली नाहीत. संध्याकाळी मृणालिनीने मंगळसूत्र काढून डबीत ठेवलं आणि ऋताला सांगितलं, “कै. लिहायला सांग.” तरीही रडू आलं नाही. तिला स्वतःचाच थोडा राग आला.

सुतक संपवून ती शाळेत गेली तो बुधवार होता. दिल्लीची दोन माणसं मागच्या बाकावर बसली होती. प्रिन्सिपल बाई दारातूनच म्हणाल्या, “मॅडम, सीधे डेन्मार्क. प्लीज.”

“पाँच मिनट,” मृणालिनी म्हणाली आणि तिने खार्तूमची लिंक उघडली.

पडदा काळा. कोपऱ्यातल्या चौकोनात तेवढी ती स्वतः दिसत होती. तिथे दिसलेला रिकामा गळा तिला घरच्या आरशात दिसला नव्हता. तिचा हात गळ्याशी गेला. मुलांनीही ते पाहिलं. काशीतल्या मुलांना काही समजावून सांगावं लागत नाही. कुजबुज थांबली.

पाच मिनिटं झाली. मागची माणसं घड्याळ बघायला लागली. मृणालिनीने माऊसवर हात ठेवला.

“मॅडम,” वैदेही उठून उभी राहिली. “अजून थोडं थांबू या ना. हनान मॅमची बारा वर्षं कुठे झालीयेत?”

मृणालिनीने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. पडद्यावरचा तो छोटा चौकोन एकदम धूसर झाला. तिने माऊस सोडला, खुर्ची ओढून मुलांच्या बाजूला घेतली आणि त्यांच्यासारखीच पडद्याकडे तोंड करून बसली.