सहा पेरांचा ऊस

ऊसतोडीला गेलेल्या पोरांसाठी मी मोबाइलवरचे पाठ तयार करतो. भोकरदनजवळच्या आमच्या शाळेतली चौदा पोरं दिवाळीनंतर आईबापांबरोबर फडावर जातात, आणि मी रिकाम्या बाकांसमोर उभा राहून कॅमेऱ्याला अपूर्णांक शिकवतो. मुलांना गुंतवून कसं ठेवायचं, यावर जालन्यात तीन दिवसांचं प्रशिक्षणही झालं. मी काय नाही केलं? बोलणारा ससा आणला, बरोबर उत्तराला टाळ्या वाजवल्या, चांदण्या उधळल्या. तरी अ‍ॅप सांगायचं, तेरा पोरं पाठ अर्धवट सोडून पळाली. माझं डोकं फिरायचं. त्या सशाची तर मला शिसारी यायला लागली होती.

शेवटपर्यंत बसायची ती एकटी आकांक्षा, सातवीतली. प्रत्येक पाठ शंभर टक्के. बैठकीत मी तिचंच नाव मिरवायचो. डिसेंबरात तीही गायब झाली. बारा दिवस शून्य. तिच्या वडिलांना, कडूबांना, फोन लावला तर ते कापायचे. या वयात पोरगी वहीपासून सुटली की तिच्या हातात कोयता येतो, हे मी दोनदा पाहिलंय. तिसऱ्यांदा बघायची माझी तयारी नव्हती. रविवारी तणतणतच एसटी पकडली आणि जालना, अंबड करत अंकुशनगरचा फड गाठला.

फडात आकांक्षा मोळी बांधत होती. मला बघून तिनं मान खाली घातली.

"कडूबाभाऊ, पोरीला मोबाइल द्यायचं का बंद केलं?" मी रामराम घालायलाही थांबलो नाही.

"सर, तुम्हीच शिकवलं तिला," कडूबा शांतपणे म्हणाले. "पाठ चालू असताना फोन आला तर कट करायचा, मधातून उठायचं न्हाई. मुकादमाचा फोन बी याच मोबाइलवर येतो. त्या दिवशी तीनदा आल्ता. तिन्ही वेळा तिनं बराबर कापला. ऊस न्यायचा ट्रॅक्टर दुसऱ्या टोळीकडं गेला, आमचा तोडलेला ऊस दोन दिवस वाळला. मंग मी काय करावं, सांगा."

वाक्य माझंच होतं. पहिल्या पाठाच्या सुरुवातीला, सशाच्याही आधी. बाकीची तेरा पोरं फोन वाजला की बापाकडे धावत होती आणि मी त्यांना बेशिस्त म्हणत होतो. मला माझीच लाज वाटली.

"बसा सर," आकांक्षाची आई साळूबाई पाण्याचा तांब्या देत म्हणाली. "पोरगी रोज इचारून राह्यली, पाठ पुढं गेला असंल का म्हणून."

"कुठवर आली होतीस?" मी आकांक्षाला विचारलं.

"अर्धा आणि एक तृतीयांश. बेरीज राह्यली, सर."

मी सहा पेरांचा ऊस उचलला आणि बांधावर बसलो. ती समोर बसली.

"याचा अर्धा?"

"तीन पेरं."

"आणि तिसरा हिस्सा?"

"दोन."

"आता दोन्ही मिळून..."

कडूबांचा फोन वाजला. ते माझ्याकडे बघत राहिले.

"उचला," मी म्हणालो.

ट्रॅक्टर आला होता. सगळी टोळी मोळ्यांकडे निघाली. आकांक्षा मात्र जागची हलली नाही. बापानं हाक मारली तरी ती माझ्याच तोंडाकडे बघत होती.

"सर, पाठ संपला का?"

"संपला," मी खोटं बोललो.

मग ती उठली.